चुंगी नाक्याच्या अलीकडे

संपादकांनी कळवलं, ‘सत्तेच्या सान्निध्यात’ या विभागासाठी लिहा. मी उलट कळवलं, सत्तेच्या मी सर्वांत जवळ आलो तो तिच्या मोटारीसमोर रस्त्यावर बसून. त्यांचं उत्तर आलं, चालेल. तेव्हा हे लिहितो आहे.

मी उज्जैनचा. आमचे पूर्वज दरबारच्या दफ्तरात कारकुनी करायला इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, कोर्टात हिंदी, आणि पक्षकाराची म्हैस मेली असेल तर माळवी, अशा तीन भाषांत माझं आयुष्य गेलं. वकिली पोटासाठी केली. राजकारण का केलं याची कारणं वेळोवेळी बदलत गेली, त्यामुळे ती सांगत नाही. पक्षाचं नावही लिहीत नाही. त्याचे पुढे इतके तुकडे झाले की नाव लिहिलं तर ते आपलं म्हणून भांडायला चार जण येतील. एवढं पुरे की आमचा पक्ष कायम समोरच्या बाकांवर बसला, आणि मी त्या बाकांवरचा एक आमदार होतो.

हा धंदा बाहेरच्या माणसाला नीट माहीत नसतो. त्याला वाटतं, विरोधी आमदार म्हणजे ओरडणारा माणूस. ओरडणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग. बाकीचा सगळा वेळ जातो ज्यांचं काम दुसरीकडे झालं नाही अशा लोकांचं ऐकण्यात. रामघाटावरचे एक पंडाजी, म्हणजे तीर्थोपाध्याय, नेमाने माझ्याकडे येत. शेजारच्या पंड्याने आपलं लाकडी तख्त हळूहळू यांच्या जागेत सरकवलं होतं आणि यावर विधानसभेत प्रश्न विचारला जावा अशी त्यांची मागणी होती.

मी म्हटलं, “पंडाजी, सत्ताधारी आमदाराकडे जा. तो एका शब्दात तख्त हलवेल.”

“गया था, वकीलसाब. वे उसी तख्त पर बैठकर स्नान का संकल्प लेते हैं.”

हे आमचं मतदारसंघातलं स्थान. ज्यांच्या जागेत दुसऱ्याचं तख्त सरकलं ते आमचे.

दुसरा एक खटला इथेच सांगून टाकतो, कारण पुढे तो लागणार आहे. देवासच्या रस्त्यावर, नानाखेड्याला, तेव्हा नगरपालिकेचा चुंगी नाका होता. आज तिथे बस स्टँड आणि कॉलन्या आहेत. तेव्हा बाभळी, ज्वारीची शेतं आणि रस्त्यावर आडवा बांबू. गावात येणाऱ्या मालावर तिथे कर घेत. एक शेतकरी बटाट्याची गाडी घेऊन आला आणि गाडीची चाकं बांबूच्या रेषेवर, बैल आत, पण बटाट्याची पोती बहुतेक बाहेर अशा अवस्थेत त्याचा नाकेदाराशी वाद झाला. शेतकरी म्हणे, माल गावात आलेलाच नाही. नाकेदार म्हणे, गावाची हद्द तुझ्या मागच्या वडापासून सुरू होते, तेव्हा तू केव्हाच गावात आहेस. मी नगरपालिकेचा वकील होतो, म्हणजे वडाच्या बाजूने. न्यायाधीशांनी स्वतः जाऊन जागा पाहिली आणि निकाल दिला की शहर बांबूपाशी संपतं. त्यापलीकडे उज्जैन नाही. मी हरलो. हरलेले खटले वकिलाच्या जास्त लक्षात राहतात.

निवडणुकाही मी आधी हरूनच शिकलो. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पडद्यामागे ओळीने पेट्या मांडलेल्या, प्रत्येकीवर चिन्ह चिकटवलेलं. आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. एका खेड्यात एक म्हातारी पडद्याआड गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आत पाहिलं तर तिने प्रत्येक पेटीवर एकेक झेंडूचं फूल ठेवलं होतं, कुणी रागावू नये म्हणून, आणि चिठ्ठी प्रसाद समजून पदराला बांधली होती. मतदान-अधिकाऱ्यांनी ती सोडवायला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “दी हुई चीज वापस लेवो हो?” त्या निवडणुकीत मी पडलो. माझी काही मतं बहुधा अजून कुणाच्या तरी देवघरात असतील.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण खरं सांगायचं तर त्या सगळ्या वर्षांत मला सतत भीती वाटत असे. पोलिसांची कमी, आपल्याच माणसांची जास्त. गर्दी जमवणं अवघड आहे असं लोक समजतात. गर्दी कुणीही जमवतो; माकडवालाही जमवतो. अवघड काम आहे ती घरी पाठवणं. रागावलेली माणसं रस्त्यावर बसली की त्यांना उठताना काहीतरी हातात लागतं, आणि ते काही मिळालं नाही तर शेवटी दगड असतोच. म्हणून आमचा नियम होता, उठायचं कसं हे ठरल्याशिवाय बसायचं नाही. आमच्याकडे ते काम गंगाराम भैयाकडे असे. हा कापडाच्या मिलमधला जुना विणकर, मजुरांचा पुढारी. बोलणं संपलं की तो सर्वांत आधी उठे, धोतराची मागची बाजू दोन्ही हातांनी झटके आणि ओरडे, “चलो भाई, रोटी ठंडी होवे!” लोक हसत, उठत, पांगत. मोठमोठ्या ठरावांनी जे झालं नसतं ते त्या धोतर झटकण्याने होई.

दुसरा नियम, बायका पुढे. पहिल्या रांगांत बायका असल्या की पोलिसांचा हात जरा उशिरा उठतो. हा नियम सगळेच पक्ष पाळत आणि त्याला मोठमोठी नावं देत.

पुढे आमचा मध्य भारत प्रांत मोडला आणि भोपाळ राजधानी असलेल्या मोठ्या प्रांतात आम्ही सगळे ओतले गेलो. माळव्यातल्या मराठी घरांना ते दिवस विचित्र गेले. कचेऱ्या हलत होत्या, कुणाची बदली रीव्याला, कुणाची जबलपूरला. दक्षिणेत भाषेवरून प्रांत मागणं चाललं होतं आणि इथे बाजारात ओळखीचा दुकानदार साखर तोलता तोलता विचारी, “तो वकीलसाब, आप लोगों का बिस्तर कब बंध रहा है?” थट्टाच होती. पण माझ्याविरुद्धच्या प्रचारसभेत तीच थट्टा ध्वनिक्षेपकावरून झाली तेव्हा तिचा आवाज वेगळा लागला. तरीही मी त्या खेपेला निवडून आलो, मुख्यतः मिलच्या वस्तीच्या मतांवर. आणि निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत मालकाने मिलच्या फाटकाला कुलूप घातलं.

वस्तीत चुली पेटेनात. मी भोपाळला प्रश्न विचारले, उत्तर मिळालं, माहिती गोळा केली जात आहे. मग कळलं की मजूर खात्याचे मंत्रीजी स्वतः उज्जैनला येणार आहेत, मिलसाठी नव्हे, रामघाटाजवळच्या एका धर्मशाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला.

इथे बाहेरगावच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. उज्जैनचा राजा महाकाल. दुसरा कुणी राजा इथे रात्र काढत नाही. काढली तर त्याचं राज्य जातं किंवा जीव. संस्थानाच्या काळापासून हे चालत आलं. मग राजे गेले, मंत्री आले, आणि भीती मात्र खुर्चीबरोबर नव्या माणसांकडे आली. दिवसभर हार घालून घेणारे मंत्री ऊन कलायला लागलं की घड्याळ पाहू लागत. लोकशाहीत मंत्री जनतेचा सेवक असतो असं प्रत्येक भाषणात ऐकायला मिळे; संध्याकाळी मात्र कळे की तो स्वतःला काय समजतो. मी यातलं काही मानत नव्हतो. त्याचा उपयोग करायला मानावं लागत नाही, असा माझा हिशेब होता.

आम्ही ठरवलं की मंत्रीजींच्या परतीच्या वाटेवर, नानाखेड्याच्या नाक्याच्या अलीकडे, रस्त्यावर बसायचं. दिवस मावळायच्या आत त्यांना हद्द ओलांडायचीच असणार. दोन मिनिटं उतरतील, कुलूप उघडवण्याचं आश्वासन देतील, गंगाराम धोतर झटकेल. फाटकावरच्या सभेत मी हे गमतीने सांगितलं: “उज्जैन का राजा एक ही है और वो मंदिर में बैठा है. जो दूसरा अपने को राजा समझे, वो सूरज डूबने से पहले सीमा पार करे. कल मंत्रीजी की घड़ी हमसे तेज चलेगी!” जोरदार टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला एरवी शंका येते. त्या दिवशी आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमतीने, म्हणजे माझ्या बायकोने, चहाचा कप पुढे ठेवत विचारलं, “बायका पुढेच बसणार ना?”

“नेहमीप्रमाणे.”

“मग मीही येते.”

सुमती मुलींच्या शाळेत शिकवत असे. मी म्हटलं, “आज शाळा नाही का?”

“रजा टाकली. वस्तीतली रामकली पुढे बसणार आहे. रविवारी माझ्याकडे अक्षरं गिरवायला येते ती.”

“अगं, पण तुझं तिथे काय काम?”

“अहो, दुसऱ्यांच्या बायका पुढे आणि तुमची स्वयंपाकघरात, हे चांगलं दिसतं का?”

“ऊन फार असतं तिथे.”

“छत्री घेते.”

वकिलाला घरात उलटतपासणी करता येत नाही.

दुपारी आम्ही जाऊन बसलो. मंत्रीजी ऊन कलायच्या आतच निघतील असा अंदाज होता. पण आम्ही स्वागत-समितीला विसरलो होतो. धर्मशाळेच्या वाटेवर केळीच्या खांबांची कमान उभारली होती आणि मोटारीवरचा झेंडा तिच्यात अडकला. कमान मोडायला समिती तयार नव्हती, झेंडा काढायला स्वीय सहायक तयार नव्हते. यावर बराच वेळ विचारविनिमय झाला. मग प्रत्येक व्यापाऱ्याला हार स्वतःच घालायचा होता. मग मानपत्र वाचलं गेलं, ते ज्यांनी लिहिलं होतं त्यांनीच. मग माधवनगरच्या विश्रामगृहावर जेवण. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ऊन पिवळं झालं, बाभळींच्या सावल्या रस्ता ओलांडून शेतात गेल्या, आणि सकाळपासून उपाशी माणसं बोलेनाशी झाली. गप्पा मारणारी गर्दी बरी असते. गप्प गर्दी आपापल्या मनात काय बोलते ते ऐकू येत नाही.

मोटार आली तेव्हा पुढे पोलिसांची जीप होती आणि मागे बंदूकधारी शिपायांची गाडी. जीपमधून सिटी मॅजिस्ट्रेट उतरले. नुकतीच नेमणूक झालेला चष्म्यातला तरुण.

मी आणि गंगाराम मोटारीपाशी गेलो. सहायकांनी काच थोडी खाली केली. “मंत्रीजी यहाँ बात नहीं करेंगे. रास्ता दीजिए. भोपाल आकर मिलिए.”

“भोपाल में तो जानकारी इकट्ठा हो रही है,” मी म्हटलं. “इनको बस इतना कह दें कि ताला खुलवाएँगे.”

मागच्या सीटवर मंत्रीजी होते. गळ्यात झेंडूचे हार तसेच. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. माझ्या खांद्यावरून सूर्याकडे पाहत होते. आतापर्यंत मी त्यांना गर्विष्ठ समजत होतो. त्या क्षणी दिसलं की हा माणूस मनापासून घाबरलेला आहे. हात मांडीवर दाबून धरलेले, तरी हारातली फुलं हलत होती. भीती माणसाला बोलतं करील यावर मी सगळा डाव मांडला होता. भीतीने त्यांची दातखीळ बसली होती. काच वर गेली.

मी मागे वळलो आणि गंगारामला म्हटलं, “उठव. आज काही मिळत नाही. उद्या पाहू.”

गंगाराम सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला, धोतर झटकलं. “चलो भाई, रोटी ठंडी होवे!”

कुणी हसलं नाही. कुणी उठलं नाही.

“कौन सी रोटी?” मागून आवाज आला.

“सूरज डूबने दो! आज रात इनको यहीं सुलाओ!”

“वकीलसाब ने ही तो बोला था!”

आणि मग बाजूच्या बाभळीखालून, जिथली तोंडं माझ्या ओळखीची नव्हती: “वकीलसाब का तो बिस्तर बंधा है! इनको पूना की गाड़ी पकड़नी है!”

याच्यावर मात्र हशा पिकला. बाजारातला हशा आणि हा हशा यांत फरक होता.

गंगाराम माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. “आज नी उठेगा कोई. घड़ी तो तुमने सूरज के हाथ में दे दी, वकीलसाब. अब म्हारी कौन सुने?”

तो बरोबर बोलत होता. गमतीत मी लोकांना सांगून ठेवलं होतं की सूर्य मावळला की काहीतरी होईल. उठण्याची वेळ मी आपल्या हातात ठेवलीच नव्हती. आता समोर दोन बाजू एकाच सूर्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. एक तो मावळण्याची वाट पाहत होती आणि दुसरी त्याआधी कसंही करून निघणार होती.

मॅजिस्ट्रेटनी कर्णा तोंडाला लावला आणि जमाव बेकायदेशीर असल्याचं जाहीर केलं. भीती अज्ञानातून येते असं म्हणतात. मला ती ज्ञानातून आली. पुढे काय होतं हे मला कलमांसकट पाठ होतं: जाहीर करणं, इशारा, लाठी, आणि मग. एकेक पायरी माझ्या डोळ्यांसमोर उतरली जात होती आणि मी मनातल्या मनात पुढची वाचत होतो.

तेवढ्यात बाभळींकडून एक ढेकूळ आलं आणि मोटारीचा दिवा फुटला. काचेचा आवाज झाला तो छोटासाच. पण शिपाई फुटपट्टीने आखल्यासारखे रस्त्यावर पसरले आणि एक गुडघा टेकून बसले.

पहिल्या रांगेत, बंदुकांच्या अगदी समोर, काळी छत्री उघडी होती. ऊन केव्हाच उतरलं होतं. छत्री मिटायला हवी होती. तिने ती मिटली नव्हती. छत्रीखाली रामकली आणि ती, दोघी. मला ओरडून सांगायचं होतं, सुमती, ऊठ. तोंड उघडलंही होतं. पण वकिलाची बायको उठली असती तर मागच्यांना कळलं असतं की वकिलाने आपलं माणूस काढून घेतलं, आणि मग बाकीच्यांना कुणीच थांबवू शकलं नसतं. तिला उठवणं आणि गोळी सुटणं यांत फार अंतर नव्हतं. तिला न उठवणं आणि गोळी सुटणं यांतही नव्हतं. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. पाहायचं नाही म्हणून नजर वर नेली, तर गर्दीच्या पलीकडे, रस्त्यावर आडवा, नाक्याचा बांबू. नाकेदार तो खाली पाडून आपल्या खोपटात लपला होता.

शहर बांबूपाशी संपतं.

मी मोटारीकडे जवळजवळ धावलो. मला वाटतं एका शिपायाने बंदूक माझ्याकडे वळवली, पण ते नंतर आठवलं. काचेवर हात मारला. ती मंत्रीजींनी स्वतः खाली केली.

“मंत्रीजी, मोटर नहीं जाएगी. आदमी जा सकता है. उतरिए और मेरे साथ पैदल चलिए. वो बाँस दिख रहा है? उसके उस पार उज्जैन नहीं है.”

“कौन कहता है?” त्यांचा आवाज घोगरा होता.

“अदालत का फैसला है. मुकदमा मैंने लड़ा था.”

“जीते थे?”

“हारा था. इसीलिए पक्का है.”

सहायक म्हणाले, “सर, यह असंभव है.” मॅजिस्ट्रेट म्हणाले, “सर, भीड़ में मैं जिम्मेदारी नहीं ले सकता.” मंत्रीजींनी सूर्याकडे पाहिलं. बाभळीच्या शेंड्याला तो टेकला होता. मग गर्दीकडे पाहिलं. दोन भीतींतली कुठली मोठी, हे ठरायला जेवढा वेळ लागला तेवढाच. त्यांनी दार उघडलं.

मी मॅजिस्ट्रेटना म्हटलं, “आम्ही पलीकडे पोहोचेपर्यंत कुणी हलायचं नाही.” त्यांनी हात वर केला. त्या पोराने तो हात शेवटपर्यंत वरच ठेवला, हे त्याचं माझ्यावर ऋण आहे.

मंत्रीजींनी माझं मनगट धरलं. आम्ही चालू लागलो आणि गर्दी एकदम चूप झाली. मोटारीतल्या मंत्र्याविरुद्ध घोषणा सगळ्यांना येत होत्या. पायी चालणाऱ्या मंत्र्याला काय म्हणायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

आधी बायकांच्या रांगा. वाट नव्हतीच. एकेकीने पाय जवळ घेतले आणि पावलापुरती जागा होत गेली. रामकलीने घेतले. तिच्या शेजारी छत्रीचा काठ आला, माझ्या गुडघ्याला लागला, आणि त्याखाली साडीच्या काठाआड दोन पाय हळूच मागे सरकले. मी बांबूकडे पाहत होतो. बांबूखेरीज कशाकडेही पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण मागे, तिच्यासमोर, त्या बंदुका अजून तशाच रोखलेल्या होत्या आणि मी पुढे जात होतो.

मग पुरुष. कुणीतरी मंत्रीजींच्या हाराला हात लावला, दोरा तुटला, झेंडूची फुलं आमच्या मागे पडत गेली. “चलने दो, चलने दो,” असं गंगाराम आमच्या पुढे जात म्हणत होता, पंगतीत वाढप्याला वाट करून द्यावी तसं. बांबूपाशी आम्ही दोघे वाकलो आणि पलीकडे निघालो.

तिथे मंत्रीजींनी श्वास सोडला. नाकेदाराच्या खाटेवर ते बसले, पाणी मागितलं, प्यायले. सूर्य अजून अर्धा होता. चेहऱ्यावर रंग आला तसा तो एक साधा, दमलेला, पोक्त गृहस्थ दिसू लागला. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “आप तो यहीं रहते हैं, वकील साहब. रात को डर नहीं लगता?”

“मैं विरोधी पक्ष में हूँ, साहब. हमको सोने की इजाजत है.”

ते हसले. मोठ्याने हसले. मग खाटेवर उभे राहिले आणि बोलू लागले. आवाज लांब पोहोचत नव्हता. ऐकायला म्हणून पुढचे उठले, ते नाक्याकडे सरकले म्हणून त्यांच्या मागचे उठले. अशी ती बसलेली माणसं उठली. कुणी उठवलं नाही. कुलूप उघडेल, मालक ऐकणार नसेल तर सरकार बघेल, असं ते म्हणाले. रिकामी मोटार मधून सावकाश गेली. अंधार पडायच्या आत रस्त्यावर फुलं आणि फुटकी काच एवढंच उरलं. गंगारामने सवयीने धोतर झटकलं, पण तेव्हा पाहायला मीच होतो.

कुलूप उघडलं, हे खरं आहे. एका पाळीत काम सुरू झालं, काही दिवस चाललं, मग मालकाने पुन्हा घातलं. रामकलीचा नवरा परगावच्या मिलमध्ये गेला. ती जाताना सुमतीकडून पाटी घेऊन गेली. मी विधानसभेत मंत्रीजींना त्यांच्या शब्दांची आठवण दिली. ते म्हणाले, असा प्रश्न उद्भवत नाही. एका वर्तमानपत्राने ‘निर्भय मंत्री जनसागरात पैदल’ असा मथळा दिला होता. मथळ्याखाली मोटारीचं छायाचित्र होतं.

मॅजिस्ट्रेट पुढे एकदा कोर्टाच्या आवारात भेटले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, “वकील साहब, हुक्म जबान पर था. आप जब काँच पर हाथ मार रहे थे, तब.” मी म्हटलं, चहा घेऊ या. घेतला. त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

त्यानंतर मी अनेक मोर्चे काढले. सभेत विनोद करणं सोडलं. बायकांना पुन्हा कधी पुढे बसवलं नाही. यावर पक्षात टीका झाली की मी महिलांना मागे ठेवतो. मी ती ऐकून घेतली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे टांग्याने घरी आलो. दारात सुमतीने छत्री मिटली, झटकली, खुंटीला लावली. मग पाठमोरीच म्हणाली, “माझ्यासमोरून गेलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत.”

“पाहिलं असतं तर पुढचं पाऊल पडलं नसतं.”

ती आत गेली. आतून विचारलं, “पिठलं चालेल ना? दुसरं काही केलेलं नाही.”

आता चुंगी बंद झाली, बांबू गेला. शहर नानाखेडा ओलांडून पुढे पोहोचलं आहे. ज्या खाटेवर मंत्रीजींना सुटल्यासारखं वाटलं ती जागा आज उज्जैनच्या चांगली आत येते. हल्लीच्या मंत्र्यांना संध्याकाळी आणखी थोडं लांब जावं लागतं, एवढाच फरक. मुलगी देवासला दिली आहे, त्यामुळे आमचं तिकडे जाणं-येणं असतं. बस स्टँडवरून बस सुटते, वळते आणि त्या जागेवरून जाते. तिथे आता टायरची दुकानं आहेत. मी खिडकीबाहेर पाहत नाही, शेजारी पाहतो. सुमती त्या वेळी काहीतरी बोलत असते, मुलीबद्दल, भाजीबद्दल. बोलणं थांबत नाही. पण त्या तेवढ्या जागेत ती पाय जवळ घेते.